रविवारी केलेलं चिकन शुक्रवारपर्यंत कसं ठेवावं

कोल्हापुरात रविवारी दुपारी शेगडीवर मोठं पातेलं असतं. जेवणं उरकतात, निम्मा रस्सा उरतो, त्यावर ताट झाकलं जातं आणि पातेलं आहे तिथंच राहतं. रात्री त्याला एक उकळी आणायची, पुन्हा जेवायचं आणि उरलंसुरलं झोपताना फ्रीजमध्ये सरकवायचं. सोमवारी कुणाचं पोट बिघडलं की दोष चिकन सेंटरवाल्याला जातो. पण बऱ्याचदा घोटाळा झालेला असतो तो दुपारी दोन ते रात्री आठ या सहा तासांत, आपल्याच ओट्यावर.

आठवड्याचं चिकन एका दिवशी करून ठेवायचं असेल, तर सगळ्यात जास्त लक्ष या मधल्या वेळाकडे द्यायचं. शिजवणं आपल्याला येतं, फ्रीज सगळ्यांकडे आहे. शेगडीवरून फ्रीजपर्यंतचा प्रवास मात्र कुणी शिकवत नाही. राजारामपुरीत खोली घेऊन राहणारी मुलं-मुली, शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावला कारखान्यात पाळीत जाणारे, दोघंही नोकरी करणारी जोडपी, अशांसाठी पुढची सगळी पद्धत आहे. लागणारं सामान घरातलंच आहे: दोन पातेली, एक मोठी परात, झाऱ्या, सात-आठ घट्ट झाकणाचे डबे आणि बर्फाचे दोन ट्रे. एकच वस्तू विकत आणा असं आवर्जून सांगू: स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर, टोकदार सळईचा. अंदाजाची गरज त्यानं संपते.

आधी दोन आकडे

५ आणि ६०. अंश सेल्सियस. अन्न सुरक्षेची नियमावली हेच सांगते की गार पदार्थ ५ अंशांच्या आत ठेवावा आणि गरम पदार्थ ६० च्या वर. मधल्या पट्ट्यात जंतू वाढतात. शिजवलेलं चिकन फ्रीजबाहेर या पट्ट्यात एकूण दोन तासांपेक्षा जास्त राहू द्यायचं नाही. बाहेर ३२ अंशांच्या वर तापमान असेल तर एकच तास. मार्च ते मे आपल्याकडे दुपारी पारा त्याच्या बराच वर असतो, त्यामुळे उन्हाळ्यात एक तास हाच नियम समजा. हे तास एकत्र मोजायचे असतात. वाढताना अर्धा तास, पाहुणे आले म्हणून पुन्हा अर्धा तास, असं करत वेळ भरतो.

'पण आम्ही तर परत उकळतो' हा प्रश्न इथं येतोच. उकळल्यानं बहुतेक जिवंत जंतू मरतात हे खरं आहे, तरी दोन गोष्टी उरतात. पहिली म्हणजे विष. माणसाच्या हातावर, नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू सहज असतो. शिजलेल्या चिकनला हात लागला आणि ते तासन्‌तास कोमट राहिलं, की तो त्यात विष तयार करतो. जंतू उकळीनं मरतो, पण त्याचं विष उकळीला दाद देत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे बीजाणू, म्हणजे जंतूंचं कवचात झोपलेलं, उष्णतेत तगणारं रूप. क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जंतूचे बीजाणू शिजवण्यातूनही वाचतात आणि पातेलं हळूहळू निवताना जागे होतात. ४०-४५ अंशांच्या आसपास त्यांची संख्या दहा-वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकते. मोठ्या पातेल्यातला दाट रस्सा त्यांना फार मानवतो. कार्यातल्या जेवणानंतर पंगतीच्या पंगती आजारी पडतात तेव्हा पुष्कळदा कारण हेच असतं: भरपूर रस्सा, एकच भांडं, सावकाश निवणं.

कांदा-लसूण चटणीत मीठ-तिखट भरपूर असतं म्हणून रस्सा टिकतो, असंही मानलं जातं. लोणच्यात मीठ, तेल आणि आंबट यांचं प्रमाण खूप असतं आणि पाणी जवळजवळ नसतं, म्हणून ते टिकतं. रस्सा बहुतांशी पाणीच असतो. आपण चवीपुरतं घालतो तेवढ्या मिठानं किंवा तिखटानं जंतू थांबत नाहीत.

वार ठरवा, मग किलो ठरवा

आपल्याकडे बऱ्याच घरांत रविवार, बुधवार, शुक्रवार हे खाण्याचे वार. काही ठिकाणी अंबाबाईचा वार म्हणून शुक्रवारही पाळतात. हे वेळापत्रक साठवणुकीला छान जुळतं. शिजवलेलं चिकन ५ अंशांच्या आतल्या फ्रीजमध्ये तीन, फार तर चार दिवस ठेवावं. म्हणजे रविवारी केलेलं बुधवारी खाल्लं तर हिशेबात बसतं. शुक्रवारचं मात्र रविवारीच फ्रीझरमध्ये गेलं पाहिजे. 'बुधवारी उरलं तर फ्रीझरला टाकू' हे चुकीचं. तीन दिवसांचं झालेलं चिकन गोठवलं तर ते तीन दिवसांचंच राहतं, ताजं होत नाही.

दोन माणसांना तीन वेळचं हवं असेल तर हाडासकट २ किलो चिकन पुरतं. शिजताना पाणी सुटून वजन पंचवीस ते तीस टक्के घटतं, म्हणजे हाती दीड किलोच्या आत-बाहेर राहतं. सहा वाट्यांत साधारण २३०-२४० ग्रॅम हाडासकट. रस्सा माणशी पाव लिटर धरा. रविवारचं जेवण धरून दोन लिटरची तयारी ठेवा.

एका वेळी २ किलोच्या वर करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. घरच्या परातीत आणि घरच्या बर्फात त्याहून जास्त माल वेळेत गार होत नाही.

आणताना आणि कच्चं हाताळताना

बाजार करायला निघालात तर चिकन शेवटी घ्या. भाजी, किराणा, मग चिकन, मग थेट घर. गाडीच्या हुकला काळ्या पिशवीत लटकलेलं चिकन उन्हात तासभर फिरलं तर पुढची सगळी काळजी निम्मी वाया जाते.

घरी आल्यावर लगेच शिजवणार नसाल तर झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा. पिशवी तशीच ठेवली की तिच्यातून रक्ताचं पाणी झिरपतं आणि खालच्या कोथिंबिरीवर पडतं. ती कोथिंबीर मग कच्चीच रस्स्यावर पेरली जाते. कच्चं चिकन एक दिवस, फार तर दोन दिवस ठेवा. हळद-मीठ-आलं-लसूण लावून मुरवायचं असेल तर तेही फ्रीजमध्येच, ओट्यावर नाही.

धुण्याबद्दल: कच्चं चिकन नळाखाली धुतलं की शिंतोडे हातभर लांब उडतात, आणि त्यात साल्मोनेला व कॅम्पिलोबॅक्टर हे आजारी पाडणारे जंतू असू शकतात. धुऊन जंतू मरत नाहीत, ते शिजवूनच मरतात. न धुता चालवून घेता आलं तर उत्तम. तेवढं मन धजत नसेल तर खोलगट भांड्यात पाणी आधी घ्या, त्यात चिकन अलगद सोडा, हातानं हलवा आणि पाणी सावकाश मोरीत ओता. वाहत्या नळाखाली धरू नका. नंतर सिंक, नळाची चावी आणि हात साबणानं धुवा. नळाची चावी हमखास विसरली जाते. आधी चिकनच्या हातानं ती उघडलेली असते आणि मग धुतलेल्या हातानं तीच बंद केली जाते.

शिजवणं

आतल्या तापमानानं ७४ अंश गाठले पाहिजेत. मांडीच्या सगळ्यात जाड भागात सळई खुपसायची आणि हाडाला टेकू द्यायची नाही, कारण हाड मांसापेक्षा वेगळ्या वेगानं तापतं आणि आकडा फसवतो. पातेल्यातले दोन-तीन मोठे तुकडे तपासा, त्यात एक तळाचा आणि एक मधला घ्या.

थर्मामीटर नवा आणला की तो बरोबर दाखवतो का हे आधी पाहा. पेल्यात बर्फाचा चुरा गच्च भरा, थोडं पाणी घाला, दोन मिनिटं ढवळा आणि सळई बुडवा. आकडा ० च्या आसपास आला पाहिजे. उकळत्या पाण्यात पाहाल तर १०० ची वाट बघू नका. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, इथं पाणी ९८ अंशांच्या सुमारालाच उकळतं.

थर्मामीटर नसेल तर रंगावर विसंबू नका. हळद आणि तिखटानं आतला रंग कळत नाही. शिवाय ब्रॉयलर कोंबडी कोवळी असते, तिच्या हाडातला रंग झिरपून पूर्ण शिजलेलं मांसही हाडाजवळ लालसर दिसू शकतं. त्यापेक्षा वेळ पाळा: मध्यम तुकडे, रस्सा खदखदायला लागल्यावर झाकण ठेवून मध्यम आचेवर २५ ते ३० मिनिटं. मांस हाडापासून सहज सुटलं पाहिजे. गावठी कोंबडीला याहून बराच जास्त वेळ लागतो, ती मऊ होईपर्यंत शिजवावीच लागते.

साठवायचं असेल तर दोन गोष्टी आधीच ठरवा. रस्स्यात बटाटा आणि उकडलेलं अंडं घालू नका, कारण गोठल्यावर बटाटा भुसभुशीत होतो आणि अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा. आणि रस्स्यातलं अर्धा लिटर पाणी घालू नका. ते कशासाठी, हे पुढच्या पायरीत येतं.

गार करणं: सगळा खेळ इथं आहे

लक्ष्य असं: ६० अंशांवरून २१ वर दोन तासांच्या आत, आणि तिथून ५ अंशांपर्यंत पुढच्या चार तासांच्या आत. पहिला टप्पा आपण हातानं करायचा, दुसरा फ्रीज करतो. उन्हाळ्यात पहिला टप्पा तासाभरात उरका. खालच्या पद्धतीनं तो उरकतोही.

तांबड्या रस्स्याची एक खोड लक्षात घ्या. वर जो तेलाचा कट येतो, तो झाकणासारखं काम करतो. साधं पाणी वाफ सोडून सोडून निवतं. तेलाचा थर ती वाफ अडवतो. म्हणून वरून शांत दिसणारा रस्सा आत कितीतरी वेळ चटका देण्याइतका गरम असतो. पातेल्याला बाहेरून हात लावून 'निवलं' असं ठरवू नका. पळीनं तळापासून ढवळा आणि मग सळई मध्यभागी धरा.

आता क्रम. गॅस बंद केल्यावर रविवारच्या जेवणापुरतं वेगळं काढा. उरलेल्यातले तुकडे झाऱ्यानं वेचून परातीत एका थरात पसरा, ढीग करू नका. त्यावर जाळीचं झाकण ठेवा आणि पंखा लावा. तुकडे असे अर्ध्या तासात पुष्कळ निवतात.

पातेल्यात आता जेमतेम लिटरभर दाट रस्सा राहिला. राखून ठेवलेलं अर्धा लिटर पाणी आता बर्फाच्या रूपात घाला. हे पाणी आदल्या रात्री उकळून, निववून, स्वच्छ ट्रेमध्ये गोठवलेलं असावं. ९५ अंशांच्या लिटरभर रस्स्यात अर्धा किलो बर्फ विरघळला की रस्सा पाच मिनिटांत ३५-४० अंशांवर येतो. पातेलं तसंच झाकून ठेवलं तर याच उतरणीला तासाच्या वर लागू शकतं. रस्सा पातळ होत नाही, कारण ते पाणी त्याच्या हिशेबातलंच होतं. दोनच ट्रे असतील तर ते शनिवारी रात्री आणि रविवारी सकाळी असे दोनदा भरा आणि पहिले खडे डब्यात काढून फ्रीझरमध्ये ठेवा.

मग हा रस्सा दोन पसरट भांड्यांत ओता. उंची ५ सेंटिमीटरच्या आत, म्हणजे तीन बोटांएवढी. भांडी सिंकमध्ये किंवा मोठ्या घमेल्यात पाणी-बर्फ घालून त्यात ठेवा. बाहेरचं पाणी रस्स्याच्या पातळीपर्यंत यावं, पण आत शिरू नये. दर पाच मिनिटांनी ढवळा. एप्रिलमध्ये वरच्या टाकीचं पाणी कोमटच येतं, तेव्हा नुसत्या नळाच्या पाण्यावर विसंबू नका, बर्फ हवाच. भांडं स्टीलचं असेल तर उष्णता लवकर बाहेर पडते. प्लॅस्टिकच्या डब्यात गरम रस्सा ओतून तो डबा बर्फात ठेवण्यानं फारसं काही होत नाही, प्लॅस्टिक उष्णता अडवून धरतं.

रस्सा २०-२५ अंशांवर आला की डब्यांत भरून फ्रीजमध्ये. 'पूर्ण गार झाल्याशिवाय फ्रीजमध्ये ठेवू नये' हा जुना समज मोठ्या, वाफाळत्या पातेल्यापुरता खरा आहे. ते ठेवलं तर फ्रीजमधलं दूधही कोमट होतं. पण लहान, उथळ डब्यांतलं कोमट अन्न आत गेलं तर फ्रीजला काही होत नाही. फक्त पहिला तासभर डबे एकमेकांना चिकटवू नका आणि एकावर एक रचू नका, मधून हवा खेळली पाहिजे.

आणि हे सगळं चालू असताना चाखायला बोट बुडवू नका. चमचा घ्या, आणि दुसऱ्यांदा चाखायला दुसरा घ्या.

पांढऱ्याचं वेगळं, सुक्क्याचं वेगळं

पांढरा रस्सा तयार करून साठवू नये. नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ यांनी तो लवकर आंबतो, आणि गोठवून पुन्हा तापवला की फाटतो: वर तूप-तेल, खाली पाणी आणि मध्ये चोथा. साठवायचं ते अळणी. चिकन शिजवल्यावर मिळणारं मीठ-हळदीचं पाणी गाळा, वरच्याच पद्धतीनं गार करा आणि अर्ध्या लिटरच्या डब्यांत गोठवा. काजू-तीळ-खसखशीचं वाटण वेगळ्या लहान डबीत गोठवा. ज्या दिवशी खायचं त्या दिवशी अळणीला खळखळून उकळी आणा, वाटण घाला, पुन्हा उकळवा आणि ताजं नारळाचं दूध शेवटी मंद आचेवर. चवीतही हा रस्सा साठवलेल्यापेक्षा कितीतरी उजवा लागतो.

सुक्कं चांगलं टिकतं आणि चांगलं गोठतं. फक्त अगदी कोरडं करू नका. मसाला तुकड्यांना लपेटून थोडा ओलसर ठेवला तर फ्रीझरमध्ये मांस वाळत नाही. ओल्या नारळाऐवजी सुक्या खोबऱ्याचं वाटण, चांगलं तेल सुटेपर्यंत परतलेलं, हे साठवणीच्या सुक्क्याला बरं.

तांबडा रस्सा आणि तुकडे एकाच डब्यात ठेवले तरी चालतात. उलट तुकडे रस्स्यात बुडालेले असले तर कोरडे पडत नाहीत. वेगळे करायचे ते फक्त गार करण्यापुरते.

डबे, चिठ्ठ्या आणि फ्रीजमधली जागा

एका डब्यात एका माणसाचं एका वेळचं. हा नियम मोडावासा वाटतो, कारण धुवायचे डबे वाढतात. पण मोठा डबा दर वेळी बाहेर निघतो, कोमट होतो, त्यात पळी जाते आणि तो परत आत जातो. तिसऱ्या दिवशी त्यातलं चिकन खरं तर किती तास बाहेर राहिलंय याचा हिशेबच लागत नाही.

घट्ट झाकणाचे स्टीलचे किंवा जाड काचेचे डबे उत्तम. प्लॅस्टिक वापरायचं तर तळाला त्रिकोणात ५ आकडा असलेलं घ्या. हॉटेलातून पार्सलसोबत येणारे पातळ डबे पुन्हा वापरू नका, त्यांची झाकणं घट्ट बसत नाहीत आणि तिखट तेलानं ते खराब होतात. टोमॅटो-दह्याचा रस्सा ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ठेवू नका. लोखंडी कढईत तर रात्रभर काहीच नको. फ्रीझरचा डबा काठोकाठ भरू नका. रस्सा गोठताना फुगतो, वर दोन बोटं जागा सोडा, नाहीतर काच तडकते आणि स्टीलचं झाकण उचकटतं.

कागदी चिकटपट्टीवर मार्करनं लिहा: 'तांबडा, रवि. १२, बुधपर्यंत' किंवा 'सुक्कं, रवि. १२, फ्रीझर'. डब्याच्या झाकणावर नाही, अंगावर चिकटवा. झाकणं अदलाबदल होतात.

फ्रीजच्या आतल्या बटणावरचा आकडा हे तापमान नसतं, थंडीचा जोर असतो. खरं तापमान पाहायला पाण्याचा पेला मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी त्यात सळई बुडवा. ५ च्या वर दाखवलं तर बटण एक घर वाढवा आणि दुसऱ्या दिवशी परत बघा. शिजवलेलं वरच्या-मधल्या कप्प्यात, मागच्या बाजूला. कच्चं खाली. दारात चिकन कधीच नको, दार उघडलं की पहिला गरम वारा तिथंच लागतो. फ्रीजची थंडी जंतूंना झोपवते, मारत नाही, आणि लिस्टेरिया तर फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढतो. चार दिवसांची मर्यादा म्हणूनच आहे. घरात गरोदर बाई, लहान बाळ किंवा फार वयस्कर माणूस असेल तर दोन दिवसांतच संपवा.

फ्रीझर −१८ अंशांचा हवा. तेवढा थंड असेल तर गोठवलेलं चिकन सुरक्षित राहतं, चव मात्र दोन-तीन महिन्यांनंतर उतरायला लागते. पण एका दाराच्या जुन्या फ्रीजमधला वरचा बर्फाचा कप्पा बऱ्याचदा तितका थंड होत नाही. सोपी खूण: त्यात ठेवलेलं आइस्क्रीम दगडासारखं राहतं का? चमचा सहज रुतत असेल तर त्या कप्प्यावर आठवड्यापेक्षा जास्त भिस्त ठेवू नका. भिंतींवर अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड बर्फ चढला असेल तर तो वितळवा, त्या थरानं कप्पा कमी थंड होतो.

बाहेर काढणं, तापवणं, डब्यात नेणं

शुक्रवारचा डबा गुरुवारी सकाळी फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात उतरवा. फ्रीजमध्ये वितळायला पाऊण दिवस तरी लागतो. विसरलात तर घट्ट डबा गार पाण्यात बुडवून ठेवा आणि पाणी दर अर्ध्या तासानं बदला, किंवा गोठलेला गोळा थेट पातेल्यात घालून थोड्या पाण्यासह मंद आचेवर सोडवा. ओट्यावर वितळू देऊ नका. बाहेरचा थर कोमट होऊन दोन तास होतात तरी मधला गोळा दगडच असतो. वितळलेलं पुन्हा गोठवू नका.

तापवताना परत ७४ अंश. रस्सा कडेला बुडबुडे आले म्हणजे तापला असं नाही, मधोमध खळखळला पाहिजे, आणि तसा दोन-तीन मिनिटं. सुक्क्यावर दोन चमचे पाणी शिंपडा, झाकण ठेवा, मध्येच परता. मायक्रोवेव्हमध्ये काही भाग चटका बसेल इतका तापतो आणि शेजारचा तुकडा गारच राहतो. म्हणून निम्म्या वेळेत काढून ढवळा, मोठा तुकडा फोडून बघा आणि झाल्यावर दोन मिनिटं झाकून ठेवा. एकदाच तापवा. तापवून उरलं तर ते टाकायचं, म्हणून तेवढंच काढा.

सकाळी सहाला डबा भरून साडेबाराला कारखान्यात उघडणाऱ्यांची खरी अडचण आहे. साधा डबा साडेसहा तास त्या ५ ते ६० च्या पट्ट्यातच असतो. मार्ग दोन. एक, थर्मासचा डबा: त्यात आधी उकळतं पाणी पाच मिनिटं भरून ठेवा, ओता, लगेच उकळता रस्सा काठापर्यंत भरा आणि झाकण दुपारपर्यंत उघडू नका. एका दिवशी दुपारी सळई बुडवून बघा, ६० च्या वर असेल तर तो थर्मास भरवशाचा. दुसरा, फ्रीजमधला गार डबा जेल पॅकसोबत जाड पिशवीत न्या आणि तिथं खळखळून तापवा. चपात्यांचा हॉटपॉट या कामाचा नाही, तो रस्सा बराच वेळ कोमट ठेवतो, आणि कोमट हेच तर टाळायचंय. भात रस्स्यात कालवून नेऊ नका. भातात बॅसिलस सेरेअस नावाचा वेगळा जंतू असतो, त्याचेही बीजाणू शिजवण्यातून वाचतात आणि एका प्रकारचं विष तापवूनही जात नाही. भातही तितक्याच लवकर गार करून वेगळा ठेवायचा.

वीज गेली तर

फ्रीज बंद पडला की पहिलं काम म्हणजे दार न उघडणं. दार बंद असेल तर खालचा भाग साधारण चार तास थंड राहतो. गच्च भरलेला स्वतंत्र फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास. एका दाराच्या फ्रीजमधला लहान कप्पा इतका वेळ धरत नाही, त्याला हे आकडे लावू नका. वीज आल्यावर डब्यात बर्फाचे कण दिसत असतील किंवा सळई ५ च्या आत दाखवत असेल तर चिकन वापरता येतं. नाहीतर नाही.

फ्रीझरमध्ये अर्धी वाटी पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवा. गावाहून परतलात आणि नाणं बर्फात खाली रुतलेलं दिसलं, तर मधल्या काळात कप्पा वितळून परत गोठला होता हे कळतं. त्यातलं चिकन वास न घेता टाकून द्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुरात कित्येक भागांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. पावसाळ्यात नदीकाठच्या वस्तीत राहत असाल तर जुलै-ऑगस्टमध्ये फ्रीझर भरूच नका. पुराचं पाणी फ्रीजमध्ये शिरलं असेल तर डबा कितीही घट्ट असला तरी आतलं अन्न टाकायचं.

वासावर जाऊ नका

आंबूस वास, बुळबुळीत तुकडा, फेस, फुगलेलं झाकण यांपैकी काहीही दिसलं तर ते चिकन गेलं. पण उलटं खरं नाही. वास आणतात ते जंतू वेगळे आणि आजारी पाडतात ते वेगळे. साल्मोनेला किंवा स्टॅफचं विष असलेला रस्सा घमघमीत लागू शकतो, कांदा-लसणाच्या वासात तर काहीच कळत नाही. म्हणून तारीख आणि तास बघा. खात्री नसेल तर चाखूनही बघू नका.

खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून आठ तासांत उलट्या सुरू झाल्या तर बहुधा विषाचा प्रकार. सहा ते चोवीस तासांत पोटात कळा आणि जुलाब असतील तर परफ्रिंजन्सची शंका. साल्मोनेलाला सहा तासांपासून सहा दिवसही लागू शकतात, सोबत ताप असतो. ओआरएस घोट-घोट चालू ठेवा. शौचात रक्त, जोराचा ताप, पाणीही पोटात न टिकणं, लघवी कमी होणं, यातलं काहीही असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, दवाखान्यात जा. बाळ, गरोदर बाई आणि म्हातारं माणूस यांना तर पहिल्या लक्षणालाच न्या. जाताना काय खाल्लं, कधी शिजवलं होतं, कधी खाल्लं, हे डॉक्टरांना सांगा. डब्यावरची चिठ्ठी असेल तर ते एका मिनिटात सांगता येतं.